थोरल्याचं पान

वयाच्या आठव्या वर्षापर्यंत मी थोरला होतो. मग माझी त्या जागेवरून बदली झाली. माझ्या हातून काही चूक झाली होती असं नाही. सरकारी नोकरीत होते तशीच ही बदली होती: वरून हुकूम आला आणि मी खालच्या जागेवर रुजू झालो.

आम्ही जुळे. तंजावुरात मेल वीधीच्या मागच्या गल्लीत, वडिलांच्या घरी जन्मलो. मी आधी आलो, आणि चुलीवरचं पाणी पुन्हा तापेपर्यंत भाऊ आला, असं आजी सांगायची. दिसायला आम्ही एकमेकांसारखे मुळीच नव्हतो. मी काळा आणि लांबट, तो गोरा आणि गोल. वडिलांच्या वडिलांनी बाहेर तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर बसल्या बसल्या बातमी ऐकली आणि आधी आलेला तो थोरला असं सांगून टाकलं. त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलं नाही. मलाही आठ वर्षं वाटलं नाही.

थोरलेपण आमच्या घरात पानावर दिसायचं. जेवायला मोठ्या माणसांची ओळ एका भिंतीला बसे आणि मुलांची समोरच्या भिंतीला. मुलांच्या ओळीत देवघराकडचं पहिलं पान थोरल्याचं. मीठ आधी त्या पानावर पडायचं, उडदाच्या पिठाची डांगरपच्चडी आधी, भात आधी, तूप आधी. भाऊ माझ्या खालच्या पानावर बसून माझ्या तुपाकडे बघायचा. सांबारातल्या फोडी भांड्याच्या तळाशी असतात आणि त्या शेवटच्या पानाला मिळतात, हे मला पुढे बदली झाल्यावर कळलं.

पहिल्या पानाच्या बदल्यात मला बरंच काही करावं लागे. रस्ता ओलांडताना भावाचा हात धरायचा. त्याचा गुडघा फुटला तर जाब मी द्यायचा. माझा गुडघा फुटला तरी जाब मीच द्यायचा. त्याने शेजारच्या तमिळ मामीच्या वाळत घातलेल्या वडामांवर, म्हणजे तांदळाच्या पापडांवर, पाय दिला की माफी मागायला मी जायचो. तो मला ‘अण्णा’, म्हणजे थोरला भाऊ, म्हणायचा, आणि त्या एका शब्दाच्या जोरावर दिवसभर काय वाटेल ते करायचा. मी चालताना हात मागे बांधायचो, वडील बांधायचे तसे. मामी आमच्याकडे बघून म्हणायची, “मूत्तदु मोळै, इळैयदु काळै.” म्हणजे थोरलं बिनशिंगाचं आणि धाकटं वळू. वर ती असंही म्हणायची की हे जन्मतःच असतं, त्याला इलाज नाही.

घरात एकच माणूस मला थोरला म्हणत नसे. ती म्हणजे आई. ती मला ‘डावा’ म्हणायची आणि भावाला ‘उजवा’. अंगावर पाजायला घेताना ज्याची जी बाजू ठरली, तीच त्याची हाक झाली. आधी येऊनही मी डावा कसा, याचं मला वाईट वाटायचं. एकदा मी तिला स्पष्ट विचारलं, “तू मला थोरला का म्हणत नाहीस?” ती तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, “डाव्या, ते सूप हिकडे सरकीव.” मी सूप सरकवलं आणि विषय संपला. अख्ख्या गल्लीत मी थोरला होतो, पण तिच्या तोंडून तो शब्द ऐकायची माझी इच्छा तशीच राहिली.

आठवं लागलं तसं मुंजीचं निघालं. तोपर्यंत वडिलांचे वडील वारले होते. मुंज दोघांची एकाच मांडवात व्हायची होती, तेव्हा आधी कोणाची हा प्रश्न आला. वडील शाळामास्तर. वर्गात ते गर्जना करायचे, घरात मात्र कुठलाही निकाल द्यायला घाबरायचे. त्यांनी आईच्या वडिलांना तिरुवैयारुहून बोलावलं. हे आजोबा वैदिक होते आणि धर्मशास्त्रात त्यांचा शब्द तिकडे प्रमाण मानत. ते आले, तिण्णैवर बसले, तपकिरीची डबी उघडली आणि म्हणाले, “जुळ्यांत मागून आलेला तो थोरला.”

वडिलांना हे नवीन होतं. “पण आमचे अप्पा तर म्हणायचे...”

“तसंही एक मत आहे,” आजोबा म्हणाले. हे त्यांचं नेहमीचं वाक्य. कोणी काही बोललं की ते आधी त्याला मताचा मान देत आणि मग बाजूला काढून ठेवत. “मडक्यात आधी घातलेला तांदूळ कुठे जातो? तळाशी. बाहेर कधी येतो? शेवटी. पोटात आधी कोण आला ते बघायचं. बाहेर आधी कोण आला ते नव्हे.”

मी दाराआड उभा होतो. तांदळाचं उदाहरण मला पटलं आणि म्हणूनच मी घाबरलो.

मुंजीच्या सकाळी आईबरोबरच्या शेवटच्या जेवणाला, मातृभोजनाला, आई मध्ये बसली, मी तिच्या डावीकडे, भाऊ उजवीकडे. तिने दोघांना एकाच ताटातून घास दिले. तिथे कोणी आधीचा नव्हता की नंतरचा नव्हता. मग मांडवात भावाची मुंज आधी लागली. दुपारी पंगत बसली तेव्हा मी सवयीने पहिल्या पानाकडे गेलो, आणि कोणीतरी दंडाला धरून मला खालच्या पानावर बसवलं. मला रडू आलं. सगळ्यांना वाटलं, भिक्षावळीत दमलो.

पुढचे काही आठवडे घरात दोन अण्णा होते आणि धाकटा कोणीच नव्हता. भाऊ सवयीने मला अण्णा म्हणायचा आणि मार खायचा. मी त्याला अण्णा म्हटलं की तो मागे वळून बघायचा. पण माणूस जागेला लवकर रुळतो. वर्षभरात तो हळू बोलू लागला. शाळेची पिशवी खांद्याला न अडकवता छातीशी धरू लागला. एके दिवशी तो हात मागे बांधून चाललेला दिसला, आणि मी पाहिलं तर माझे हात मोकळे होते. मग मी ते वापरले. पुदारूच्या कालव्यात पुलावरून उड्या मारायला शिकलो, मामीच्या वडामांवर पाय दिला, आणि माफी मागायला अण्णा गेला. मामीला आपली म्हण बदलावी लागली नाही, फक्त बोट एकावरून दुसऱ्यावर न्यावं लागलं. हे जन्मतःच असतं, हेही ती पूर्वीसारखंच म्हणत राहिली.

भाऊ थोरला झाल्यावर आई त्याला तरी थोरला म्हणेल असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. तो उजवाच राहिला. हे पाहून मला बरं वाटलं, हे मी लपवत नाही.

सुटीत आम्ही तिरुवैयारुला आजोबांकडे जायचो. बसमधून उतरलं की आई आधी घरी यायची नाही. आम्हाला पुढे पाठवायची आणि एकटी कावेरीवर जायची. पाय धुऊन येते म्हणायची. यायला तिला बराच वेळ लागे. तिला नदी आवडते, एवढाच अर्थ आम्ही लावला होता. आजोबा तिची वाट बघत तिण्णैवर बसून राहायचे, आणि ती आली की उठून आत जायचे.

साठ सालानंतर आम्ही नोकरीला लागलो. भाऊ वडिलांसारखा मास्तर झाला, आणि तो वर्गातही गर्जना करत नसे. मी कालव्यांच्या खात्यात लागलो. शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचतं की नाही ते बघायचं आणि वर कळवायचं, हे माझं काम. त्यासाठी ओरत्तनाडूला जावं लागे. तिथे एका कचेरीतल्या हेडक्लार्कचं घर मराठी बोलणारं होतं. आपल्या भाषेतला माणूस आला म्हणून त्यांनी मला कॉफीला बोलावलं. मी त्यांना सांगत होतो की टोकापर्यंत पाणी सोडलंय. त्यांची धाकटी मुलगी कॉफी घेऊन आली होती. ती म्हणाली, “तुमच्या कागदावर सुटलं असंल. आमच्या विहिरीपल्याड अजून धूळच आहे.”

मी जाऊन पाहिलं. धूळच होती. मला राग यायला हवा होता. तो आला नाही.

त्यानंतर त्या वर्षी ओरत्तनाडूच्या कालव्याची जेवढी पाहणी झाली, तेवढी दुसऱ्या कुठल्याच कालव्याची झाली नसेल. तिच्याशी बोलणं म्हणजे कॉफी देताना आणि पेला परत नेताना दोन-चार वाक्यं. एकदा तिने विचारलं, “घरात तुम्ही थोरले की धाकटे?” मी म्हटलं, “धाकटा.” ती म्हणाली, “वाटलंच.” काय वाटलं ते विचारेपर्यंत ती पेला घेऊन आत गेली होती. परतीच्या बसमध्ये मी पूर्ण वेळ तेच वाक्य धरून बसलो. आपल्याला ही मुलगी हवी आहे, हे मला त्या बसमध्ये कळलं.

आणि एका सकाळी तिचे वडील आमच्या घरी आले. मला पाहून हसले, तिण्णैवर बसले, उपरण्यातून मुलीची पत्रिका काढली. “लपवण्यात काही अर्थ नाही,” ते वडिलांना म्हणाले. “मुलगी ज्येष्ठा नक्षत्राची आहे.”

ज्येष्ठा नक्षत्राची सून आली की नवऱ्याच्या थोरल्या भावाचं काही खरं नाही, असं मानत. त्यामुळे अशी मुलगी द्यायची तर ज्याला थोरला भाऊ नाही अशाच मुलाला.

“तुमचा धाकटा आमच्याकडे येतो,” ते पुढे म्हणाले. “फार गुणी मुलगा. त्याच्यावरून घर कळलं. म्हणून तुमच्या थोरल्यासाठी विचारायला आलो.”

मी त्यांच्या हातात कॉफीचा पेला दिला. वडिलांनी पुढच्या शुक्रवारी उत्तर देतो म्हणून सांगितलं.

त्या संध्याकाळी भाऊ माझ्याजवळ येऊन बसला. हजेरी घ्यावी तशा आवाजात त्याने विचारलं, “तुला पाहिजे ना ती?”

“तुला कसं कळलं?”

“ओरत्तनाडूचा कालवा एवढा मोठा नाही,” तो म्हणाला.

मी हो म्हटलं. त्याने मान हलवली आणि वह्या तपासायला आत गेला. आपल्याला जे बोलायला दिवसभर धीर होत नव्हता ते त्याने एका प्रश्नात संपवलं, त्यामुळे मला हायसं वाटलं आणि थोडा रागही आला. थोरले असेच असतात. मीही होतो.

तिरुवैयारुचे आजोबा आता थकले होते आणि आमच्याकडेच राहायला आले होते. शुक्रवारी मुलीचे वडील आले, तेव्हा तिण्णैवर आजोबा, वडील, आम्ही दोघे असे सगळे होतो. आई आत होती. भावाने हात जोडले आणि सांगितलं की आमच्या वडिलांच्या वडिलांच्या हिशेबाने हा थोरला आणि मी धाकटा, तेव्हा मुलगी याला द्या. थोरलेपण मी सोडतो.

आजोबांनी डबीचं झाकण उघडलं. “थांब. हे तू धाकटा म्हणून सोडतोस की थोरला म्हणून?”

भावाचे जोडलेले हात खाली आले.

“धाकट्याजवळ सोडायला काही नसतं. सोडायचं काम थोरल्याचं. सोडलास म्हणजे थोरला ठरलास. शिवाय मुंज तुझी आधी लागली. लागलेली मुंज उलटी फिरवता येत नाही.”

“माझी हरकत नाही. नक्षत्राला मी भीत नाही,” भाऊ म्हणाला.

“हेही थोरल्यासारखंच बोललास,” आजोबा म्हणाले.

भाऊ जितका उदार होत होता तितकं माझं लग्न लांब जात होतं. वडील खांबाकडे बघत होते. मुलीच्या वडिलांनी पत्रिकेची घडी घातली. ते खरोखर दिलगीर दिसत होते. “कुंभकोणमला एक स्थळ आहे,” ते म्हणाले. “एकुलता एक मुलगा. त्यांना आज कळवायला पाहिजे.” ते उठले. मी म्हणालो, “आत्ता बस नाही, अजून बसा.” मला तेवढंच सुचलं.

तेव्हा आई दारात आली. हात पुसत होती.

“अप्पा, ह्या दोघांतलं थोरलं कोणीच नव्हे,” ती म्हणाली.

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. “आत जा गे,” ते म्हणाले, पण हळू.

“माझं पहिलं बाळंतपण कुठे झालं?”

पहिलं बाळंतपण माहेरी, हे तर कोणालाही ठाऊक आहे. आणि आम्ही जन्मलो तंजावुरात, तिच्या सासरी. चोवीस वर्षं मला हे माहीत होतं, आणि त्यावरून एकही प्रश्न कधी माझ्या डोक्यात आला नव्हता.

“बारशाच्या आधी गेलेलं लेकरू मोजायचं नसतं,” आजोबा म्हणाले.

“तुम्ही मोजू नका. मी मोजत्यें.” आवाज चढला नव्हता. दारावर आलेल्या भाजीवालीला ती जशी वांगी आहेत म्हणून सांगायची तसाच होता. “मुलगा होता. तुम्हीच त्याला धोतरात गुंडाळून कावेरीवर नेलांत. माझा थोरला तो.” मग ती मुलीच्या वडिलांकडे वळली. “तुमच्या मुलीच्या नक्षत्राला थोरला दीर पाहिजे ना? तो कधीच गेला. आता ती आमच्यात कोणाला काय करणार? बसा तुम्ही.”

मुलीचे वडील बसले. बसताना त्यांनी आईला हात जोडले. वडिलांनी उपरणं तोंडाला लावलं होतं. भाऊ माझ्याकडे बघत होता आणि त्या क्षणी तो कोणाचाच अण्णा दिसत नव्हता.

आजोबांच्या चिमटीत तपकीर होती. ती त्यांनी ओढली नाही, परत डबीत टाकली. बराच वेळ ते झाकण लावत राहिले.

“तसंही एक मत आहे,” ते म्हणाले. या वेळी पुढे ‘पण’ आला नाही.

“आणि डाव्याला तिकडची कॉफी फार आवडते,” असं म्हणून आई आत गेली.

रात्रीपर्यंत आम्ही दोघे भाऊ तिण्णैवर बसून होतो. तिरुवैयारुला बसमधून उतरून नदीकडे जाणारी आई मला दिसत होती, आणि आम्ही तिला हाका मारून लवकर ये म्हणत होतो तेही ऐकू येत होतं. मला फार वाईट वाटत होतं. आमच्या थोरलेपणासाठी एवढी वर्षं भांडणं झाली, निकाल लागले, मार बसला, आणि ती जागा रिकामी कधी नव्हतीच.

“म्हणजे मी मधला,” भाऊ शेवटी म्हणाला.

“आणि मी?”

“तू शेंडेफळ.”

तो हसला. मग त्याला हसू आवरेना. इतक्या वर्षांत मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. पुढच्या रविवारी तो माझ्याबरोबर पुदारूवर आला, कमरेची वेष्टी खोचून पाण्यात उतरला आणि गुडघ्याएवढ्या पाण्यात पडला. मामी वाटेने जात होती. ती आमच्याकडे बघत थांबली, पण कुठे बोट दाखवावं हे तिला ठरवता आलं नाही.

लग्न ओरत्तनाडूला झालं. आम्ही नवी सून घेऊन तंजावुरला आलो. घरातल्या पहिल्या जेवणाला वाढायचं काम तिचं. आई पानं मांडत होती. वडील आणि आजोबा यांची ओळ एका भिंतीला, आमची समोर. आमच्या ओळीत तिने तीन पानं मांडली. पहिलं पान लहान होतं, मुलाच्या हाताएवढं. मी आणि भाऊ ओळीपाशी उभे होतो, आणि पहिल्यांदाच कोणी कुठे बसायचं हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

नवी सून मिठाचं भांडं घेऊन आली आणि पहिल्या पानाशी थबकली. तिला अजून घरातलं कोणी नीट माहीत नव्हतं. “हिथं कोण बसणार?” तिने आईला विचारलं.

“थोरला,” आई म्हणाली. “मीठ घाल.”

तिने मीठ घातलं. आम्ही दोघे खालच्या दोन पानांवर बसलो. समोर आजोबा आपोष्णीचं पाणी तळहातावर घेऊन थांबले होते. लहान पानावर भात पडला, त्यावर तूप पडलं, आणि मग त्यांनी ते पाणी घेतलं.